विषय : ताप आल्याबाबत

कुही तालुक्यात माझ्याइतका चांगला अर्ज दुसरं कोणी लिहीत नाही. हे मी म्हणत नाही, तहसीलसमोरचा चहावाला म्हणतो, आणि तोही मी उधारी चुकती करतो त्याच दिवशी म्हणतो. सातबाऱ्यावरची चूक, फेरफार, पीकविमा, हरवलेलं रेशनकार्ड, काहीही सांगा. 'उपरोक्त विषयान्वये'पासून 'योग्य ती कार्यवाही व्हावी'पर्यंत मी असा वाहत जातो की अर्जदाराला स्वतःचंच दुःख नव्यानं कळतं. एका म्हातारबाबांनी तर त्यांचा अर्ज मी वाचून दाखवताना डोळे पुसले होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं हे नंतर समजलं. पण डोळे पुसले हे खरं.

तेव्हा लेकीला ताप आला त्या रात्री बापाचं जे व्हायचं ते झालंच. पाण्याच्या पट्ट्या झाल्या, दर तासाला थर्मामीटर झालं, 'डेंग्यू तर नसन ना' हे बायकोला कळू न देता मोबाइलवर वाचून झालं. पण ताप उतरणीला लागला आणि शाळेच्या डायरीचं मागचं पान उघडलं तसे हात शिवशिवायला लागले. पोरगी पाचवीत, कॉन्व्हेंटात. आपल्याकडं टाय असला की झालं कॉन्व्हेंट, बाकी खुलासा नको. तर त्या पानावर लिहिलं होतं : दोन दिवसांहून जास्त गैरहजेरी असल्यास पालकांचा लेखी अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र आवश्यक. पंचाहत्तर टक्के उपस्थिती नसल्यास वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.

'पालकांचा लेखी अर्ज.' मला दुसरं काही दिसलंच नाही.

बायको म्हणाली, "दोन ओळी लिहा अन् द्या."

दोन ओळी! भीमसेनांना आलाप न घेता घरी जायला सांगण्यातला प्रकार. अर्जाला पाया भक्कम हवा, म्हणून मी १९११ पासून सुरुवात केली. त्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सक्ती होती, पण मूल आजारी असलं, घरी अडचण असली, शेतीचा हंगाम असला, तर बापाला माफी, एवढं शहाणपण त्यात होतं. इंग्रज सरकारनं ते पुढच्या वर्षी पाडलं, तो भाग वेगळा. मग १९१७. शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढं आपल्या सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरातल्या पोरींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, आणि नव्वदीत ठरलेला तो रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. रुपया तोच, खिसा तेवढा बदलला, असं एक वाक्य मी इथं घातलं आणि स्वतःच खुश होऊन चहा मागवला. शेवटी २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं सोळावं कलम, आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही वगैरे.

बायकोनं सगळा कागद वाचला. "चांगलं हाय. पण पोरीले ताप आला होता हे कुठं लिहिलं?"

"तिसऱ्या पानावर."

इथं जरा थांबून तापाविषयी बोलायलाच पाहिजे. मराठी माणूस आयुष्यातला पहिला गद्यलेख लिहितो तो तापावर. व्याकरणाच्या पुस्तकात रजेच्या अर्जाचा नमुना असायचा, आणि त्या नमुन्यातल्या मुलाला कायम तापच आलेला असायचा. त्याला कधी गालफुगी झाली नाही, खरूज झाली नाही, कधी चिंचा खाऊन पोट बिघडलं नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही तो नमुना शब्दशः उतरवायचो. एका भिडूनं तर नमुन्यातल्या मुलाचं नावसुद्धा उतरवलं होतं, आणि गुरुजींनी त्या अनोळखी मुलाची रजा मंजूर केली होती.

हा ताप मोठा शिस्तीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचा, मंडईच्या जत्रेला यायचा, आणि रोवणीला तर सगळ्या वर्गाला एकदम यायचा. सकाळी गुरुजींच्या टेबलावर अर्जांची चळत. दुपारी गुरुजी सायकल धुऱ्याला टेकवून उभे राहायचे. समोर बांधीत गुडघाभर चिखलात त्यांचा अख्खा तापानं फणफणलेला चौथीचा वर्ग वाकून परे लावतो आहे. बाया रोवण्याची गाणी म्हणताहेत, मधूनच एखाद्या रुग्णाचा खणखणीत सूर लागतो आहे. गुरुजी कुणाला ओरडायचे नाहीत. "ताप उतरला का या रे पोट्टेहो," म्हणायचे आणि सायकलवर बसायचे. त्यांनी गोखल्यांचं विधेयक वाचलं असण्याची शक्यता कमीच, पण हंगामाचं कलम त्यांना पाठ होतं. आणि पोटऱ्यांवर चिखल नसलेला, खरंच घरी निजलेला पोरगाही त्यांना बरोबर कळायचा. त्या घरी सायकल जायची. मला एकदा मलेरिया झाला तेव्हा ते खाटेवर बसून, माझ्या कपाळावर हात ठेवून, आईला म्हणाले होते, "याचा अर्ज नका देऊ वो बाई. मी पायला ना."

एवढी पडताळणी आता कुणाला परवडणार? आता कागदाची पडताळणी कागदानं होते. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पटावर असलेली पण वर्गात कधीच नसलेली पोरं शोधायला सरकारी माणसं शाळाशाळांत फिरली. पुढं डिसेंबर २०२३ पासून शाळांनी रोजची हजेरी मोबाइलवरच्या चॅटबॉटला कळवायची असं ठरलं. बॉटचा काही दोष नाही. पण त्याला हात नाही, त्यामुळं कपाळाला लावता येत नाही. आणि विदर्भातल्या उन्हाचा आजार मात्र सरकारला बिनअर्जाचा मान्य आहे. बाकी महाराष्ट्राची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आपली त्यानंतर, निवांत. त्यासाठी सूर्यानं कुठं प्रमाणपत्र जोडल्याचं ऐकलं नाही.

तर अर्ज घेऊन शाळेत गेलो. मॅडमनी पहिलं पान पाहिलं, दुसरं उलटून पाहिलं, मागं काही आहे का ते पाहिलं. मी दाद यायची वाट पाहत उभा.

"सर, सर्टिफिकेट?"

"तिसऱ्या पानावर तापाचं सविस्तर..."

"ते नाही हो सर, डॉक्टरचं. आणि यायच्या दिवशी फिटचं वेगळं लागेल."

डॉक्टरसाहेबांकडं गेलो. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "किती दिवसांचं लिहू?" एकरी, क्विंटली असतो तसा तापालाही दिवसागणिक भाव असतो हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी पॅडवर दीड ओळ काढली. त्या दीड ओळीत काय लिहिलं आहे हे मी वाचलं, बायकोनं वाचलं, मेडिकलवाल्यानं उजेडात धरून वाचलं. 'रेस्ट' या शब्दावर तिघांचं एकमत झालं, पण तो नेमका कुठं आहे यावर नाही. खाली शिक्का मारला. फिट सर्टिफिकेटाचं म्हटलं तर ते बाहेर बघून हसले. बाहेर पोरगी त्यांच्या पायऱ्यांवरून उड्या मारत होती. "हे पाहा ना. अजून काय फिट पायजे?" म्हणत त्यांनी तेही लिहून दिलं. शाळेनं ते दोन्ही कागद डोळे मिटून घेतले आणि फाइलला लावले. माझी तीन पानं आदरानं परत केली. "हे राहू द्या सर. छान लिहिता तुम्ही."

'छान लिहिता' हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. आधीचं 'हे राहू द्या' गाळलं.

पण मला खरा चावला तो नियम नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस देतात : ढाल आणि टिफिनचा डबा. गेल्या वर्षी ते घ्यायला एक पोरगा नाक ओढत, खोकत स्टेजवर चढला, पाहुण्यांशी हात मिळवला, टाळ्या झाल्या. नंतरचा आठवडाभर अर्धा वर्ग आणि, ऐकण्यात आलं, ते पाहुणेही अंथरुणावर होते. आमची लेक यंदा त्या डब्याच्या मागं होती. तापाच्या दुसऱ्या रात्री ग्लानीत ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान नेला. "यस मॅडम," म्हणत होती. नंबर पुकारला जातो आहे आणि आपलं ऐकू जात नाहीये अशा घाईनं, पुन्हापुन्हा. नऊ-दहा वर्षांच्या पोरीनं तापात आई म्हणावं, पाणी म्हणावं. हजेरी द्यावी? त्या रात्री ती ढाल माझ्या हाताशी असती तर मी ती विहिरीत टाकली असती. डबा ठेवला असता.

प्रमाणपत्र देऊन परत निघालो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एक आजी बसल्या होत्या. मिरचीच्या सातऱ्यावरून थेट आलेल्या असाव्यात, कारण मी शेजारी बसताच मला शिंका सुरू झाल्या. दिवसभर मिरचीचे देठ तोडून नखांत लाल भुकटी बसलेली, बोटं पदरात गुंडाळून धरलेली. त्यांची नात लेकीच्याच वर्गात, आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांतून आलेली. आई-बाप कामाला नागपुरात. आजींच्या मांडीवर एक प्लास्टिकची फाइल होती. माझ्या तीन पानांपेक्षा जाड.

"सिकलसेल हाय जी तिले. थंडी लागली, पाणी कमी पडलं का हातपाय धरते. ओरडते पोरगी रातभर."

आपल्या पूर्व विदर्भात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, हेच वाईट आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि कळा सुरू होतात. जन्मासोबत आलेला आजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जे एकवीस प्रकार मानले त्यात हा आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून तो २०४७ पर्यंत हटवायचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. एवढं मोठं सरकार मागं लागलेला आजार, आणि त्याच्या दर फेरीला आजीनं कामाची रोजी बुडवून नवा अर्ज, नवं प्रमाणपत्र, मग बरी झाली म्हणून फिट सर्टिफिकेट आणायचं.

"एक इचारू का भाऊ? दरखेपी नवा अर्ज काहून लागते जी? बिमारी तर तेच हाय."

मला उत्तर देता आलं नाही. सोळावं कलम तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मग म्हणालो, मी लिहून देतो. तिथंच व्हरांड्यात वहीचं पान फाडलं. सवयीनं लेखणी १९११ कडं निघालीच होती. आजी म्हणाल्या, "बारीक लिहा जी, मॅडमले येळ नसते." मग लिहिलं : नातीला सिकलसेल आहे. तो बरा होऊन परत येणारा आजार नाही. दिव्यांग कायद्यात तो नमूद आहे, कागद सोबत जोडले आहेत. वर्षभरासाठी हा एकच अर्ज धरावा आणि कळा आल्यास तोंडी निरोपावर रजा मानावी. चार ओळी. मला लिहिताना त्रास झाला, पण झाल्या.

मॅडमनी वाचलं. या खेपेला मागं काही आहे का हे पाहिलं नाही. फाइल चाळली, खिडकीतून मैदानाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं आजी. एवढा एकच चालेल. यापुढं फोन करत जा फक्त. मी मोठ्या मॅडमशी बोलते." नियमात असं काही नव्हतं. नियमात नसलेलं करायला त्यांना फार वेळ लागला नाही, हे मी त्यांच्या हिशेबी जमा धरतो, आणि आधीचं माझ्या तीन पानांचं प्रकरणही त्यातून वळतं करून घ्यायला तयार आहे.

आजींनी अंगठा उठवला. जांभळ्या शाईखाली मिरचीचा लाल रंग आधीच होता, त्यामुळं ठसा जरा वेगळाच उमटला. जाताना पदराच्या गाठीतून मूठभर वाळल्या मिरच्या काढून माझ्या हातावर ठेवल्या, नको म्हटलं तरी.

ऑफिसातल्या बाबूंनी अर्ज घेतला, आवक नंबर टाकला, वर 'मंजूर, कायम' असा शेरा मारून आणला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझा अर्ज एका बैठकीत मंजूर झाला. घरी येऊन बायकोला दाखवायला फोटो काढून आणला होता. तिनं मोबाइल जवळ नेऊन नीट वाचलं.

"किती नेमका लिहिला हाय," ती म्हणाली. "कोणी लिहिला?"