गर्दीकडे पाठ करून

लूव्हरच्या त्या दालनात शिरलं की मोनालिसा आधी दिसते ती लोकांच्या मोबाइलमध्ये. वर केलेल्या हातांमध्ये जितके फोन तितक्या मोनालिसा, आणि या सगळ्यांच्या पलीकडे, जाड काचेमागे, 77 बाय 53 सेंटिमीटरची खरी. आमच्या टूर मॅनेजरने बसमध्येच कार्यक्रम जाहीर केला होता: मोनालिसा, मग स्वच्छतागृह, मग आयफेल टॉवर. रांग तिन्हीकडे होती आणि वेळही तिघांना सारखाच वाटून दिला होता.

बरोबर माझी मावशी होती. ती मूळची सावंतवाडीची, त्यामुळे आनंद किंवा राग अनावर झाला की थेट मालवणीत शिरते. उंचीने बेताची असल्यामुळे तिला पुढच्या माणसाच्या सॅकशिवाय काही दिसेना. वैतागून तिने तोंड फिरवलं आणि ओरडली, “अगो, हय बघ! पंगत बसली हा!”

पंगत होतीच. व्हेरोनेजेचं ‘काना गावचं लग्न’, 1563 सालचं. जवळजवळ दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. लूव्हरमधलं सगळ्यांत मोठं चित्र. पण त्याला भिंत मिळाली ती मोनालिसाच्या समोरची, त्यामुळे जगभरातून आलेल्या माणसांच्या पाठी बघणं हेच त्याचं रोजचं काम. मी मावशीला बायबलमधली गोष्ट सांगितली: लग्नात ऐन जेवणात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. मावशीला धर्म वेगळा असल्याची काही अडचण आली नाही. “म्हणजे मुलीकडच्यांची अब्रू राहिली,” ती म्हणाली. यजमान मुलीकडचेच, हे तिने परस्पर ठरवून टाकलं.

मग आम्ही ते लग्न सावकाश, आहेर दिल्यासारखं हक्काने पाहिलं. मधोमध येशू, पण त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. नवरा-नवरी पार डाव्या कोपऱ्यात. वरच्या मजल्यावर मांस कापणं चालू आहे. वादक आहेत, कुत्री आहेत, एक मांजरही आहे. आणि एक नटलेली बाई, देवाचा पुत्र पंगतीला असताना, काडीने दात कोरते आहे. मावशी तिच्यापाशी बराच वेळ थांबली. “अशी एक आपल्याकडे प्रत्येक लग्नात असतेच,” ती म्हणाली, आणि नावही सांगितलं. ते इथे देता येणार नाही.

मोनालिसा फ्रान्सने इटलीतून पळवली अशी पुष्कळांची समजूत असते. तसं काही नाही. लिओनार्दोने ती स्वतःच बरोबर नेली होती. पळवलेलं चित्र आहे ते समोरचं. व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी ते काढलेलं, 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने कापून, गुंडाळून पॅरिसला आणलं. मोनालिसा मात्र 1911 मध्ये याच लूव्हरमधून एका इटालियन कामगाराने पळवली, आणि दोन वर्षांनी ती फ्लॉरेन्समध्ये सापडली. म्हणजे एका भिंतीवर चोरीला गेलेला माल, समोरच्या भिंतीवर चोरून आणलेला, आणि मध्ये आम्ही तिकीट काढून उभे.

त्या दिवसापासून चित्र बघण्याची माझी पद्धत ठरून गेली: लोकांची तोंडं जिकडे, तिकडे आपली पाठ. समीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ आहे. त्यात रात्र नाही. वॉर्निश काळवंडल्यामुळे दिवसाची रात्र झाली आणि नाव चिकटलं. 1642 चं हे चित्र 1715 मध्ये नगरभवनात हलवलं, तेव्हा भिंतीवर बसेना म्हणून चारही बाजूंनी चक्क कापलं. सगळे पुढच्या कॅप्टनकडे बघतात. आपण त्याच्या मागे उजेडात उभी असलेली सोनेरी कपड्यांतली मुलगी बघावी. तिच्या कमरेला एक मेलेली कोंबडी लटकते आहे. कोंबडीचे पंजे हे त्या बंदूकधारी पथकाचं चिन्ह, असं जाणकार सांगतात. मावशीचं म्हणणं, पोर बाजार करून घरी निघाली होती, मिरवणुकीत अडकली. दोन्ही मतं ऐकून मी मावशीच्या बाजूने आहे.

त्याच मजल्यावर व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आहे, मोनालिसाहूनही लहान. मागे उघडी भिंत, भिंतीत एक खिळा, जमिनीवर पाय शेकायची छोटी शेगडी, टेबलावर पाव. सगळं स्थिर, हलते ती फक्त दुधाची बारीक धार. इथे मला विनोद सुचत नाही. मावशीला मात्र बोलल्याशिवाय राहवलं नाही: “एका हाताने मूठ धरलीय, दुसरा खालून लावलाय. भांडं जड आहे गं.” व्हर्मीरवर मी जाड पुस्तकं चाळली आहेत, भांड्याचं वजन मला मावशीने सांगितलं.

खरा भडका उडाला मैसूरला. जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. ज्योतीच्या आड धरलेली बोटं आतून लालसर उजळलेली, आणि हे सगळं जलरंगात, जिथे एकदा गडद झालं की माघार घेणं महाकठीण. शेजारचे गृहस्थ कुटुंबाला ठणकावून सांगत होते, “राजा रविवर्मा!” रविवर्मा 1906 सालीच गेले, हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी सावळाराम हळदणकरांनी काढलं, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. हळदणकर जन्माने सावंतवाडीचे. मी हे मावशीच्या कानात सांगायला नको होतं. “तो आमच्या वाडीचो!” हा गजर राजवाड्यात घुमला. गृहस्थांनी कुटुंबासह दालन बदललं.

आता जवळचं सांगते. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या दर्शनाला आपण जातो आणि परस्पर परत फिरतो. तिथल्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेले आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये उभारलं. रविवर्म्यांची अस्सल चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूरचं दगडी ‘माता आणि बालक’सुद्धा. मोबाइल उंचावलेले हात आडवे येत नाहीत. पुढच्या वेळी देवीला जाल तेव्हा संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घ्या, आणि अर्धा दिवस हाताशी ठेवून जा.