माइंडसेट आणि मालदांडी

गेल्या महिन्यात आमच्या कुर्डुवाडीत आरोग्य येऊन गेलं. पांढऱ्या मोटारीतून आलं, दोन तास बोललं आणि पावडरीचे डबे विकून सोलापूरच्या दिशेनं निघून गेलं.

शिबिर सकाळी सातचं. वक्ते साडेनऊला पोचले. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘पहाटे उठणारा माणूस अर्धी लढाई जिंकतो.’ मंगल कार्यालयात टाळ्या पडल्या. मग सगळ्यांना उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि छातीवर हात ठेवून तीनदा म्हणवून घेतलं, ‘मी निरोगी आहे.’ माझ्या शेजारी आमच्या आळीतले निवृत्त मास्तर होते. त्यांची साखर दोनशे ऐंशी. तेही म्हणाले, आणि वर्गात पाढे म्हणवून घेण्याच्या आवाजात म्हणाले. पाठोपाठ नाश्ता. उपीट, जिलेबी, चहा. नुकत्याच निरोगी झालेल्या मास्तरांनी जिलेबी दोनदा घेतली.

विषय फलकावर ठळक होता : ‘सकारात्मक माइंडसेट आणि नैसर्गिक सवयी’. माइंडसेटला मराठीत मनाची ठेवण म्हणता येतं, पण मग तिकीट लावता येत नाही. आमच्या आजीकडे हाच माल वेगळ्या नावानं होता. ‘जिवाला घोर लावून घिऊ नगं,’ एवढंच ती म्हणायची. फुकट म्हणायची आणि वर बुक्कीनं कांदा फोडून ताटात द्यायची.

आता मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे खोटं नाही. २००७ साली अमेरिकेत आलिया क्रम आणि एलेन लँगर या दोघींनी एक गमतीचा प्रयोग केला. सात हॉटेलांतल्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायका घेतल्या. त्यातल्या काहींना समजावून सांगितलं, की चादरी बदलणं, न्हाणीघर घासणं, फरशी झाडणं हा डॉक्टर सांगतात तसाच व्यायाम आहे. बाकीच्यांना हे सांगितलं नाही. काम तेच, तास तेच. चार आठवड्यांनी पाहिलं, तर सांगितलेल्या बायकांचं वजन सरासरी दोन पौंडांनी आणि वरचं ब्लडप्रेशर दहा अंकांनी उतरलं होतं. पगारवाढ हा प्रयोगाचा भाग नव्हता.

शिबिरवाल्यांना हा प्रयोग फार आवडतो. पण त्यात एक अडचण आहे. त्या बायका दिवसाला पंधरा-पंधरा खोल्या झाडत होत्या. शरीर आधीच राबत होतं, मनाला फक्त बातमी उशिरा कळली. आमच्या शिबिरात उलटं होतं. बातमी आधी दिली, राबणं कधी सुरू होणार ते विचारायचं राहिलं.

घरी येऊन हा प्रयोग मी मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितला. ती फरशी पुसत होती. ऐकून घेतलं, फडकं पिळलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, ‘मग उद्यापासून तुम्हीच पुसा. मला आत्ता कळलं, तुम्हाला तर आधीच ठाऊक होतं. जास्त गुण येईल.’

कुर्डुवाडीला सवयी शिकवायला बाहेरून माणूस यावा, याचंच मला नवल वाटतं. हे गाव रेल्वेच्या रुळांवर वाढलं. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून बार्शीला सुटली, तेव्हा या स्टेशनाचं नावच ‘बार्शी रोड’ होतं. पुढं १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. मुंबई-सोलापूरची मोठी गाडी आणि ही छोटी गाडी, दोन्ही एकमेकींत शिरू शकत नव्हत्या. त्यामुळं कुर्डुवाडीत येणारा प्रत्येक जण खाली उतरायचा, बोचकं डोक्यावर घ्यायचा आणि चालत दुसऱ्या गाडीकडे जायचा. लक्षाधीशही चालला आणि वारकरीही चालला. आणि पोचल्यावर बसून राहायचा, कारण गाडी तिच्या मनानं यायची.

छोट्या गाडीचा वेग असा, की उतरून रानातल्या शेंगा उपटाव्यात आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, असं सांगणारे अजून भेटतात. हे थोडं वाढवून सांगितलेलं असेल. पण ही गाडी बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेब पुढं विलायतेत पॅराशूट बनवायला लागले, हे मात्र अगदी खरं. ‘गार्डियन एंजल’ हे त्या पॅराशूटचं नाव. चालत्या वाहनातून माणूस सुखरूप खाली कसा उतरेल, हा विचार त्यांच्या डोक्यात कुठून आला असेल याची चर्चा आमच्या चहाच्या गाड्यावर अधूनमधून होते.

त्या गाड्यावरचे अध्यक्ष म्हणजे अण्णा. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, आता ऐंशी ओलांडलेत. नोकरीभर घरापासून वर्कशॉपला चालत गेले, चालत आले. दुपारी डब्यात भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. रात्री आठला जेवण, नऊला पाठ टेकलेली, कारण जागून बघण्यासारखं काही नव्हतंच. मी त्यांना एकदा विचारलं, ‘अण्णा, तुमचा माइंडसेट काय होता?’ अण्णांनी चहा बशीत ओतला. ‘गाडी लेट हाय म्हटल्यावर माणसानं काय करावं? बसावं की. बसलाव.’

पुढं रूळ रुंद झाले, २००८ साली बार्शीकडचा मार्गही मोठा झाला, छोटी गाडी गेली. चांगलंच झालं. ज्यांना त्या धुरात आणि घामात आठवणींचा सुगंध येतो, त्यांनी मेच्या उन्हात त्या डब्यातून लातूर गाठलेलं नसतं. पण गाडीबरोबर उतरून चालायची सक्तीही गेली, आणि तिच्या जागी आमच्या मनगटावर घड्याळ आलं.

हे घड्याळ पावलं मोजतं. दिवसाला दहा हजार झाली की थरथरतं, शाबासकी देतं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीनं वा डॉक्टरानं सांगितला, म्हणून मी शोधलं, तर तो १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजण्याचं एक यंत्र विकणाऱ्यांनी सांगितलेला निघाला. यंत्राचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांची पावलं मोजली, तेव्हा साडेचार हजारांच्या आसपासच चांगला फरक दिसायला लागला होता आणि साडेसात हजारांच्या पुढं तो फारसा वाढत नव्हता. ही बातमी मी मास्तरांना दिली. त्यांनी ताबडतोब अडीच हजार पावलं वाचवली.

तसं मास्तरही चालायला जातात. घरापासून मैदान आठशे पावलं. तिथवर मोटारसायकलवरून जातात, मैदानाला तीन फेऱ्या मारतात आणि मोटारसायकलवरून परत येतात. येताना वड्याच्या गाडीशी थांबतात, कारण व्यायाम झालेला असतो. एकटे मास्तरच नाहीत. सकाळी मैदानाच्या फाटकाशी गाड्यांची अशी दाटी होते, की आत चालणारी माणसं बरी, बाहेर पार्किंग बिकट.

खाण्याचं तर विचारूच नका. वक्त्यांनी शिबिरात ‘मिलेट’ नावाचं धान्य दाखवलं. लोक माना उंचावून बघत होते. मी पुढं जाऊन पाहिलं, तर ज्वारी! आमच्या माढा तालुक्यात ज्वारी दाखवायला पाहुणा आणावा, म्हणजे देहूत जाऊन टाळ दाखवण्यासारखं झालं. इथून जवळच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून मालदांडी ३५-१ हे वाण निघालं, ते अजून रब्बीत उभं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या लहानपणी पोळी पाहुण्यांची आणि भाकरी घरच्यांची होती. पाहुणा यावा म्हणून आम्ही पोरं देव पाण्यात ठेवायचो. आता पाहुणे पुण्याहून येतात आणि दारातच विचारतात, ‘भाकरी आहे ना?’ कडक भाकरी पाकिटात बसून त्यांच्या फ्रिजवर जाऊन बसली आहे. आणि आमची पोरं? ती स्टेशनसमोर नूडल्स खातात. कुणीतरी पाहुणं व्हावंच लागतं.

मध्यंतरी उजनी धरण झालं, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं साखर. पैसा दिसला, पोरं शिकली, घरांना स्लॅब पडले. त्या उसाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी दुष्काळी कामावर खडी फोडून दाखवावी. एवढंच, की सायकल गेली आणि ताटातली ज्वारी घटली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत असं सांगितलं. आमची आळी त्यात आपला वाटा इमानानं उचलते.

शिबिरानंतर दोन आठवड्यांनी मास्तर स्टेशनच्या जिन्यावर खाली बसले. घाम, चक्कर, तोंडातून शब्द नीट येईना. अण्णांनी आणि मी धरून दवाखान्यात नेलं. ब्लडप्रेशर इतकं चढलेलं, की नर्सनं पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधून पाहिला. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधी घेतली? मास्तर छताकडे बघत म्हणाले, ‘बंद केलीय. मनोबळावर चाललंय.’ साखरेची आणि ब्लडप्रेशरची, दोन्ही गोळ्या बंद. शिबिरात कुणीतरी सांगितलं होतं, की औषध म्हणजे मनाचा पराभव. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत. म्हणाले, ‘मनोबळ चांगलंच आहे हो मास्तर. ते रोज सकाळी गोळी घ्यायला वापरा.’

परतताना मला उरुळी कांचन आठवलं. कुर्डुवाडीहून पुण्याला जाताना दौंड मागं टाकलं की लागतं ते. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथं आले, गावातले रोगी तपासले. शहरातल्या पैसेवाल्यांसाठी निसर्गोपचार चालवण्यात अर्थ नाही, तो गरिबाच्या खेड्यात हवा, असं त्यांना वाटत होतं. ऊन, माती, पाणी, साधं खाणं आणि रामनाम हीच त्यांची औषधं. तिथला निसर्गोपचार आश्रम मणिभाई देसाईंनी पुढं नेटानं चालवला, आजही तो आहे. नैसर्गिक सवयी आणि मनाची ठेवण यांवर गांधीजींइतकी निष्ठा असलेला दुसरा माणूस सापडणं कठीण. ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टरांना आणि दवाखान्यांना केवढं झोडपलंय!

आणि याच गांधीजींचं जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्स दुखावलं. ते येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना ससूनमध्ये हलवलं, कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनच्या हाती पोट दिलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. रामनाम सुटलं नाही आणि सुरीही नाकारली नाही. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘कंदिलाच्या उजेडात?’ मास्तरांना वेगळीच भीती वाटली होती.

आषाढीच्या आधी पैठणहून नाथांची पालखी येते ती आमच्या शेजारच्या कुर्डू गावावरून पुढं करकंबकडे जाते. तिच्यात साठी-सत्तरीच्या बाया चालत असतात. टाचांना भेगा, डोक्यावर तुळस, ओटीत चपला. यांतल्या कुणाच्याही हातावर घड्याळ दिसत नाही. एकीला मी विचारलं होतं, एवढं चालायचं बळ कुठून येतं? माझा प्रश्नच तिला कळला नाही. ‘दिंडी चालतीया की,’ ती म्हणाली, आणि पुढं गेली. थांबून मला समजावत बसली असती तर तिची दिंडी चुकली असती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. अण्णा चालले, कारण ड्यूटी होती. प्रवासी चालले, कारण गाडी बदलायची होती. बाई चालते, कारण पुढं-मागं माणसं चालतात. मास्तरांच्या पुढं-मागं कुणीच नव्हतं. एक घड्याळ होतं आणि छातीवर ठेवलेला स्वतःचाच हात. म्हणून अण्णांनी आणि मी त्यांना आमच्या दिंडीत घ्यायचं ठरवलं. अण्णा त्यांना रोज पहाटे हाक मारतात. हाक कसली, अख्खी आळी उठते. मास्तर आधी शिव्या देतात, मग चपला घालतात. गोळी खिशात असते, ती गाड्यावर पाणी मागून सगळ्यांदेखत घ्यायची, हा अण्णांचा नियम. दोन आठवडे झाले. साखर किती उतरली ते तपासणीचा कागद सांगेल, माझ्या सदराचं ते काम नव्हे. पण मास्तर आता घड्याळ घरी विसरून येतात. परवा विचारलं तर म्हणाले, नातवाला दिलंय. तो ते हातात घालून सोफ्यावर हात हलवत बसतो, दहा हजार भरतात.

आमच्या घरात फरशी सध्या मी पुसतो. एक दिवसाआड. वजन आहे तेवढंच आहे.

तुमचाही कुठे आरोग्याचा डबा उघडून अर्धा राहिला असेल, तर सांगून ठेवतो. सकाळी सहाला आम्ही तिघं स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यापाशी असतो. तिथून टेंभुर्णी रस्त्यानं जाऊन परत. या. मोटारसायकल घरी ठेवून या, आणि जिलेबी मिळणार नाही.