यंदा नक्की

त्र्यंबकेश्वरात आशेचा व्यवहार चोख असतो. नारायण नागबळी तीन दिवसांचा, कालसर्प एका दिवसात आटोपणारा. मुहूर्त आधी ठरतो, दक्षिणा आधी ठरते, आणि यजमान आसनावर बसला की गुरुजी त्याला संकल्प सोडायला लावतात. त्यात संवत्सरापासून तिथीपर्यंतचा काळ येतो, स्थळ येतं, यजमानाचं नाव येतं, गोत्र येतं आणि अखेरीस कशासाठी हा खटाटोप चाललाय तेही येतं. ‘माझं काहीतरी बरं होऊ दे’ असा मोघम संकल्प कुणी सोडत नाही. तिथून तीसेक किलोमीटरवर, नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककरांच्या तोंडच्या गोल्फ क्लबवर, आशेचा आणखी एक संप्रदाय नांदतो. हे महाराष्ट्राच्या रणजी संघाचे चाहते. त्यांचा संकल्प दोन शब्दांत संपतो: ‘यंदा नक्की.’ काय नक्की, कशाच्या जोरावर, किती वर्षांत, आणि नाही झालं तर जाब कुणाला विचारायचा, यातलं काहीच त्यात येत नाही. प्रस्तुत सदराचं म्हणणं असं की महाराष्ट्राच्या क्रिकेटचा खरा दोष पत्रिकेत नाही, या मोघम आशेत आहे.

आशेला आधार मुळीच नाही असं कुणी म्हणू नये. आधार आहे, फक्त तो जुना आहे. 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर, पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. पन्नाशीला टेकलेल्या या गुरुजींनी 1940-41 मध्ये मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. त्याआधीच्या मोसमात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या होत्या. पुढे 1948 मध्ये पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला होता, तेवढ्यात काठियावाडनं सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या चाहत्याची मानसिक घडण समजून घ्यायची तर हा सामना पुरेसा आहे. आपण विक्रमाला हात लावणार इतक्यात समोरचा संघच घरी जातो, आणि पंच्याहत्तर वर्षांनंतरही आपण त्या नऊ धावांची वाट बघत मैदानात उभे असतो. इतिहास थोर असला की वर्तमानाला हिशेब द्यावा लागत नाही, ही सोय महाराष्ट्रात क्रिकेटपुरती मर्यादित नाही, पण क्रिकेटमध्ये ती विशेष फळली आहे.

त्या दोन करंडकांनंतर महाराष्ट्र तीनदा अंतिम फेरीत पोचला: 1970-71, 1992-93 आणि 2013-14. तिन्हीदा हरला. आता बारकाईनं पाहा. 1971 ते 1993 मध्ये बावीस वर्षं, 1993 ते 2014 मध्ये एकवीस. म्हणजे पुढचा योग 2035 च्या आसपास. गुरूला पुन्हा सिंह राशीत यायला बारा वर्षं लागतात आणि शनीला राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस. महाराष्ट्राचा संघ गुरूपेक्षा सावकाश आणि शनीपेक्षा किंचित चपळ ठरतो. तीन ठिपक्यांतून रेघ ओढणं शास्त्राला मंजूर नाही हे कबूल, पण ‘यंदा नक्की’ या भाकितामागे तर एकही ठिपका नसतो. त्या मानानं 2035 चं भाकीत फारच शास्त्रीय म्हटलं पाहिजे. शिवाय त्याचा मोठा फायदा असा की ते खोटं ठरायला पुष्कळ वेळ आहे, आणि तोवर भाकीत करणाऱ्याला कुणी ओळखणार नाही.

चाहत्याच्या बाजूनं बोलायचं तर दर मोसमाआधी त्याला काहीतरी पुरावा मिळतोच. कधी ऋतुराज गायकवाडची शतकं, कधी सत्यजित बच्छावसारख्या घरच्या फिरकीपटूच्या विकेट, कधी बाहेरून आलेला भिडू. विदर्भाला पहिला करंडक मिळवून देणाऱ्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी पुढे महाराष्ट्रात आला. 2025-26 च्या मोसमासाठी मुंबईहून पृथ्वी शॉ आणि केरळहून जलज सक्सेना आले. मग मोसमाचा पहिला सामना तिरुवनंतपुरमला केरळशी झाला आणि धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना महाराष्ट्राचे तीन गडी तंबूत परतले होते. पण थांबा, त्यातून सावरून महाराष्ट्रानं पहिल्या डावात आघाडीही घेतली. नेमकं हेच दुखणं आहे. हा संघ धड वाईटही खेळत नाही. वाईट खेळला असता तर चाहता केव्हाच बरा होऊन घरी गेला असता. जानेवारी 2025 मध्ये याच गोल्फ क्लबवर महाराष्ट्रानं बडोद्याला चारशेहून जास्त धावांनी धुतलं. नाशिककरांनी ‘यंदा नक्की’ म्हणेपर्यंत गटातून बाद फेरीत कोण गेलं? जम्मू-काश्मीर आणि मुंबई.

आणि आता शेजारच्या घरात डोकावू या. एका राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात. मुंबईकडे 42 करंडक आहेत. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला त्रास करून घेण्यात अर्थ नाही. पण विदर्भ? 1957-58 पासून साठ वर्षं विदर्भाच्या वाट्याला साधी अंतिम फेरीही आली नव्हती. पुण्या-नाशिकचा चाहता नागपूरकडे थोरल्या भावाच्या मायेनं बघायचा. मग 2017-18 मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार आणि अनुभवाला वसीम जाफर अशी मोट बांधून विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवलं, पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवलं, आणि मार्च 2025 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक उचलला. त्या मोसमात हर्ष दुबे या त्यांच्या घरच्या डावखुऱ्या फिरकीपटूनं 69 बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम. आता विदर्भाचे तीन, महाराष्ट्राचे दोन. तेच पंडित पुढे मध्य प्रदेशात गेले आणि 2021-22 मध्ये मुंबईला हरवून त्यांनी त्या राज्यालाही पहिला करंडक दिला. या माणसाला दोन्हीकडे गंडेदोरे बांधताना कुणी पाहिलेलं नाही. शिस्तीबद्दल त्याच्याविषयी तक्रारी मात्र ऐकायला मिळतात, आणि आपल्याकडे शिस्तीपेक्षा शांतीचा विधी केव्हाही जास्त लोकप्रिय.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘नशीब लागतं हो. काही संघांना शापच असतो.’ शापाचा प्रश्न जागतिक आहे, तेव्हा जगाकडे पाहू. अमेरिकेत बेसबॉलमध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं 1918 नंतर 2004 पर्यंत, म्हणजे 86 वर्षं, विजेतेपद पाहिलं नाही. बेब रूथला विकल्याचा शाप लागला असं लोक मानत. शिकागोच्या कब्ज संघाचा दुष्काळ 1908 ते 2016, एकशे आठ वर्षांचा. तिथे 1945 मध्ये एका माणसाला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं म्हणून बोकडाचा शाप. शाप उतरावा म्हणून पुढे खरोखर बोकड मैदानात आणून फिरवण्यात आला. काही झालं नाही, बोकडाचा तेवढा फेरफटका झाला. मग दोन्ही शाप कुणी उतरवले? थिओ एपस्टीन नावाच्या एकाच व्यवस्थापकानं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो बॉस्टनला आला, आकडेवारीच्या आधारानं खेळाडू निवडले, आणि दोन मोसमांत काम फत्ते केलं. नंतर शिकागोत जाऊन, ‘आधी काही वर्षं हरू, तरुण खेळाडू जमवू’ असं उघड सांगत त्यानं पाच वर्षांत तेच केलं. त्यानं लोकांना आशा ठेवू नका असं सांगितलं नाही. आशेची मुदत काय ते सांगितलं. फरक केवढा आहे पाहा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘चांगले खेळाडू भारताच्या संघात अडकतात, रणजीला उरतं कोण?’ ही अडचण खरी आहे, पण ती सगळ्यांचीच आहे, आणि महाराष्ट्रानं ती तोंडी आणू नये याला एक ऐतिहासिक कारण आहे. 1970-71 च्या अंतिम सामन्याच्या वेळी मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर असे सगळे मोहरे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांनी उरलेल्या पोरांना घेऊन महाराष्ट्राला 48 धावांनी हरवलं. म्हणजे खेळाडू बाहेर गेल्यानं करंडक जातो हा सिद्धान्त आपणच, आपल्या पराभवानं, कायमचा खोडून ठेवला आहे. उलट 2013-14 मध्ये केदार जाधवनं मोसमात 1223 धावा काढल्या, वानखेडेवर जाऊन महाराष्ट्रानं गतविजेत्या मुंबईला बाहेर काढलं, आणि हैदराबादला कर्नाटकापुढे गाडी थांबली. मग त्या मोसमातून पुढे काय उभं राहिलं, याचा हिशेब कुणी मागितला? चाहत्यानं नाही. तो तोवर पुढच्या ‘यंदा’ला लागला होता.

तिसरा आक्षेप सज्जनांचा: ‘आशा ठेवली तर कुणाचं काय बिघडतं? तिला ना तिकीट लागतं, ना कर.’ बिघडतं ते असं. आशा दरवर्षी आपोआप नवी होत असेल तर ती ज्यांच्याकडून पुरी व्हायची त्यांना काहीच करावं लागत नाही. क्रिकेट संघटनेनं गहुंज्याला मोठं स्टेडियम बांधलं, 2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, त्यात नाशिकच्या नावाचाही संघ आहे. रोषणाई झाली, लिलाव झाले, षटकार गेले. या सगळ्याचा चार दिवसांच्या क्रिकेटला उपयोग किती, हा प्रश्न चाहत्यानं विचारायचा असतो. पण आशावादी माणूस प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न विचारणं त्याला अपशकुनासारखं वाटतं. निष्ठावंत चाहता हा कुठल्याही संघटनेला सर्वांत स्वस्तात पडणारा कर्मचारी आहे: पगार नाही, रजा नाही, आणि अपयशाची कारणं तो स्वतःच शोधून आणतो. खेळपट्टी, नाणेफेक, पंच, दव, धुकं. संघटनेला पत्रकसुद्धा काढावं लागत नाही.

कुणी म्हणेल, मोजूनमापून आशा ठेवणं कोरडेपणाचं आहे. त्याचं उत्तर त्र्यंबक तालुक्यातच आहे. हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली धावायला शिकली. लांब पल्ल्याच्या धावपटूची आशा मोघम राहूच शकत नाही, कारण घड्याळ समोर असतं. आज दहा हजार मीटरला किती मिनिटं लागली, पुढच्या महिन्यात किती सेकंद कमी करायचे, एवढाच तिचा संकल्प. तिनं 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. गावानं तिच्यावर जीव टाकला तो यामुळे कमी झाला नाही, वाढलाच. ज्या तालुक्यात पदक सेकंदांच्या हिशेबानं आलं, त्याच्या शेजारच्या शहरात करंडक नुसत्या उमाळ्यानं येईल असं मानायचं, हा भूगोलाचाही अपमान आहे.

तेव्हा एक नम्र सूचना. सिंहस्थ जवळ आलाय. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. योगायोग असा की 1941 पासून मोजलं तर त्या वर्षी महाराष्ट्राच्या दुष्काळाला 86 वर्षं भरतात, बरोबर बॉस्टनइतकी. संघटनेनं कुशावर्तावर स्नानाला जरूर यावं, पुण्याला कुणाची हरकत नाही. पण येताना संकल्प रीतसर सोडावा. काळ: अमुक मोसमापर्यंत. स्थळ: पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, जिथे घरचे सामने होतील ती मैदानं. नाव: प्रशिक्षक कोण, आणि तो किती वर्षं टिकणार. गोत्र: किती खेळाडू आपल्या जिल्ह्यांच्या स्पर्धांतून आले आणि किती बाहेरून. फळ: आधी बाद फेरी, मग उपांत्य, मग करंडक, प्रत्येकापुढे वर्ष लिहून. संकल्प चुकला तर प्रायश्चित्त कुणी घ्यायचं, तेही त्याच कागदावर असावं. चाहत्यांकडे एवढंच मागणं आहे की मोसमाचा पहिला चेंडू पडण्याआधी हा कागद मागा. मिळाला तर गोल्फ क्लबवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडा. नाही मिळाला तर यंदाचं काहीच नक्की नाही असं समजा, आणि तसं ठणकावून सांगा.