इकायचा न्हाय, पर किती म्हंता?

आमच्या आबांच्या गोठ्यामागं एक ट्रक उभा आहे. उभा म्हणजे दगडांवर. चाकं केव्हाच उसाच्या टायरगाडीला गेली. आबांची पाठ गेली आहे, ट्रकचे पाटे गेले आहेत. त्यामुळे दोघांचंही बसणं एकाच बाजूला कलतं.

ट्रक 1962 चा. नाकवाला. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार 1954 साली झाला, आणि पुढे 1969 पर्यंत जमशेदपूरच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. आबांच्या ट्रकची चांदणी सध्या देवघरात आहे. खंडोबाच्या टाकाशेजारी. काकू रोज तिला हळदकुंकू लावतात, कारण टाकाशेजारी जे असतं त्याला लावायचं असतं.

हे प्रेम जुनं आहे असा समज करून घेऊ नका. हाच ट्रक गुळाच्या ढेपा घेऊन मुंबईला जायचा, तेव्हा खंबाटकीत निम्म्या चढावर उकळायचा आणि आबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत किन्नराला पाण्याला पिटाळायचे. पुढे भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. आबांनी तेव्हाच दिला असता, पण त्यानं काटा स्वतःचा आणायचा म्हटलं आणि सौदा फिसकटला. म्हणजे आज ज्याला वारसा म्हणतात, तो एका काट्यावरच्या संशयातून वाचला आहे.

मग एके दिवशी पुण्याहून एक शौकीन आला. अर्धी चड्डी, हातात बॅटरी. आल्या आल्या सरपटत ट्रकखाली गेला. काकूंना वाटलं, साप निघाला. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी. “आबा, चासी नंबर शाबूत आहे!” आबांनी त्या क्षणी बिडी विझवली. आयुष्यभर ट्रकचं काही ना काही तुटल्याचीच बातमी ऐकलेला माणूस. शाबूत हा शब्द त्यांना नवीन होता. त्यांनी सावधपणे विचारलं, “इकायचा न्हाय, पर किती म्हंता?”

तेव्हापासून हे वाक्य आबांचा धंदा झालं आहे. असे आबा आता बऱ्याच तालुक्यांत सापडतात. कुणाकडे फारगो असतो, कुणाकडे डॉज. दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातले सख्खे भाऊ, बिल्ला तेवढा वेगळा. पण दोन मालक समोरासमोर आले की भाऊबंदकी बांधाइतकी पेटते. कुणाकडे बेडफर्ड असेल तर तो 1948 च्या पुणे-नगर एसटीपासून सुरुवात करतो, कारण ती पहिली एसटीही बेडफर्डच होती. जणू तिकिटं यानंच फाडली.

शौकिनाचा आवडता शब्द ‘ओरिजिनल’. इथं मात्र आबा त्याला पाणी पाजतात. त्या काळी बहुतेक ट्रक कंपनीतून यायचे ते नाक, इंजिन आणि चासी एवढेच. केबिन आणि हौदा इथल्या सुतारानं बांधायचा. शौकीन विचारतो, “केबिन ओरिजिनल आहे का?” आबा म्हणतात, “एकदम. आमच्याच आळीतल्या सुतारानं केलीया.” “आणि फाळका?” “त्यो दुसऱ्या सुताराचा. पयल्याचं आन माझं वाजलं.” शौकीन हे वहीत लिहून घेतो. जर्मन नाकामागं सातारी सागवान, आणि त्यातलं काय जपायचं हे दोघांनाही उमजत नाही.

भावाचं गणितही मजेशीर. मोटारी शेडमध्ये आच्छादनाखाली राहिल्या म्हणून टिकल्या. ट्रक मरेपर्यंत राबले आणि मग वितळले. म्हणून जुना ट्रक दुर्मिळ. पण दुर्मिळ असून घेणारे थोडे, कारण मोटार बंगल्यात मावते, ट्रकला बंगलाच लागतो. अमेरिकेतसुद्धा 1950 च्या दशकातल्या शेवरोले पिकअपवर शौकिनांच्या उड्या पडतात आणि मोठे मालट्रक मागं राहतात. हे मी आबांना समजावलं. ते म्हणाले, “म्हंजी आपल्याकडं जागा हाय तर भाव आपलाच की!”

एकदाच ते खचले. 2021 साली केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले: वीस हजार भरा, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळवा. आबांनी पाटी कुठं ठोकायची तेही ठरवलं होतं. मी नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांवरच्या दुचाक्या आणि खासगी वापराच्या मोटारी. मालट्रकचं नाव नाही. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ज्यानं हवा खाल्ली त्यो विंटेज. ज्यानं वझं व्हायलं त्यो नुसता म्हातारा.” (जुन्या मोटारींच्या रॅलीला अनेक मोटारी मुळात ट्रकवर चढून येतात, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. रक्तदाब आहे.)

गेल्या आठवड्यात पुणेकर पुन्हा आला. या वेळी त्यानं तोंडी नाही, कागदावर आकडा लिहिला. आबांनी तो लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला, काकूंना दाखवला. काकूंनी मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, आता सुटला ट्रक.

आबा उठले, केबिनचं दार हळूच उघडून आत डोकावले आणि परत येऊन बसले.

“पावणं, म्हैनाभर थांबा,” ते म्हणाले. “शिटावर कोंबडी खुडूक बसलीया.”