वाघ कायद्याचा, किल्ली सरकारची

सानपाड्याहून हार्बर लोकल पकडली की सीएसएमटीला उतरून आझाद मैदान चालत गाठता येते. गाझासाठी घोषणा द्यायच्या, तर वाट लांबची. पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून माकप उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने सुनावले, आधी आपल्या देशातला कचरा, गटारे, पूर बघा. (सानपाडकर ते रोजच बघतात, अर्ज न करता.)

बरे, परदेशी युद्धांसाठी आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम चांगला दातांचा आहे: भारतात किंवा भारताबाहेर, कुणीही, संरक्षित व्यक्तीला हेतुपूर्वक ठार मारले तर फाशी किंवा जन्मठेप! फक्त कलम १७ वाचायचे राहून जाते. सरकारने, किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखलच घेणार नाही.

गोव्याचे फादर मोंतेरो यांनी हा वाघ पाळून पाहिला. १९६१ च्या गोवामुक्तीनंतरही त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. राहण्याची परवानगी संपल्यावर देश सोडा म्हटले, तेव्हा त्यांनी याच कायद्याचा आसरा घेतला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या कायद्याने कुणालाही थेट दाद मागण्याचा हक्क मिळत नाही. फादरांचे अपील फेटाळले गेले.