पदरमोड करून बिगारी

बिगारी दिवसभर विटा वाहतो आणि संध्याकाळी मजुरी घेतो. परदेशी जाऊन गोरगरिबांची घरे बांधणारा स्वयंसेवक हा याच जमातीचा, पण हिशेबाने उलटा प्राणी आहे. तो विमानाचे तिकीट स्वखर्चाने काढतो, राहण्याजेवण्याचे पैसे आगाऊ भरतो, वर संस्थेला देणगी देतो आणि मग विटा वाहतो.

या प्रथेचे श्रेय बऱ्याच अंशी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेकडे जाते. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने ती १९७६ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सुरू केली. संस्थेचा नियम असा की घर फुकट मिळत नाही. कुटुंबाला परवडेल असे कर्ज मिळते आणि बांधकामावर घरच्यांनीही घाम गाळायचा असतो. त्यामुळे स्वयंसेवकाच्या शेजारी बहुधा घरमालकीणच घमेले घेऊन उभी असते आणि ती त्याच्यापेक्षा दुप्पट माल उचलते.

संस्थेला जगभर ओळख मिळवून दिली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी. सुतारकाम हा त्यांचा मूळचाच छंद. १९८४ साली ते न्यूयॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांसह बसने गेले आणि पुढे दरवर्षी कुठे ना कुठे हातोडी घेऊन जात राहिले. २००६ साली ते लोणावळ्याजवळ आले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याला येऊन चिक्कीऐवजी विटांकडे वळलेले पाहुणे विरळाच. तेथे १०० घरांचा संकल्प होता. २०१९ साली, पंचाण्णव वर्षांचे असताना, ते घरी पडले, भुवईवर चौदा टाके पडले, तरी त्याच संध्याकाळी संस्थेच्या घरबांधणीसाठी नॅशव्हिलला हजर झाले. तेव्हापासून कंबर धरल्याचे कारण सांगून सावलीत बसणाऱ्या स्वयंसेवकांची फारच पंचाईत झाली आहे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. सकाळी सुरक्षेचे भाषण होते. नंतर हेल्मेट आणि हातमोजे वाटले जातात. मग रांग करून विटा हातोहात पुढे सरकवल्या जातात. या रांगेत संगणक अभियंते, दंतवैद्य आणि बँकेचे अधिकारी असतात आणि वीट प्रत्येकाच्या हातात वजनाने थोडी वाढते. खरी कसोटी थर लावताना लागते. स्वयंसेवक थापीने माल पसरतो, वीट ठेवतो आणि दोन पावले मागे सरून कौतुकाने बघतो. गवंडी काही न बोलता ओळंबा सोडतो. दोरी भिंतीपासून बोटभर लांब राहते. तो वीट उचलतो, खालचा माल खरवडतो, नवा घालतो, थापीच्या मुठीने दोन ठोके देतो आणि हसून मान डोलावतो. ही मान कोणत्याही देशात ‘छान’ अशीच वाचली जाते. स्वयंपाकघरात मदतीला आलेल्या जावयासारखी स्वयंसेवकाची स्थिती असते: त्याला नको म्हणता येत नाही आणि त्याने चिरलेली भाजी तशीच फोडणीला टाकता येत नाही.

पिपा बिडल या अमेरिकी लेखिकेने टांझानियातील अशाच एका बांधकामाविषयी २०१४ साली लिहिले. शाळकरी मुली दिवसा ग्रंथालयाची भिंत रचत आणि रात्री गावातील माणसे ती पाडून नीट बांधत. मुलींना सकाळी पत्ता लागू नये, एवढी काळजी ते घेत. या लेखापासून जुना आक्षेप अधिक जोराने मांडला जाऊ लागला: तिकिटाच्या पैशात स्थानिक गवंड्याला कितीतरी दिवसांचे काम देता आले असते. आक्षेप खरा आहे. मात्र तिकीट रद्द केल्यावर ती रक्कम गवंड्याकडे न जाता बहुधा थायलंडच्या सहलीत जिरते, हेही खरे आहे. शिवाय परत गेलेला स्वयंसेवक पुढे वर्षानुवर्षे जेवणाच्या टेबलावर त्या भिंतीची गोष्ट सांगतो आणि ऐकणाऱ्यांपैकी एखादा केवळ विषय बदलावा म्हणून देणगी देतो.

म्हणून जाणत्या संस्था कामाची वाटणी स्पष्ट ठेवतात. खड्डे खणणे, माल कालवणे, विटा पोचवणे, रंग देणे आणि फोटो काढणे स्वयंसेवकाकडे. कोपरे, छप्पर आणि वीज कारागिराकडे. ही वाटणी पाळली की घर सरळ उभे राहते आणि ओळंबा बघून स्वयंसेवकालाही ते आपणच बांधले असे वाटते.