आधी ती कात्री खाली ठेव!

"अगं अगं, थांब! आधी ती कात्री खाली ठेव."

"का हो काकू? तुम्हीच म्हणालात ना, दसरा झाला की गुलाब छाटायचे."

"ते गेटजवळच्या ग्लॅडिएटरचं म्हटलं होतं. त्या झुडपाला हवं तेवढं छाट. चार-पाच दणकट काड्या ठेव, दीड-दोन फुटांवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरपा काप घे, वर बोर्डो पेस्ट लाव, की नोव्हेंबरअखेर कळ्या मोज. पण हा भिंतीवरचा वेलगुलाब आहे, 'क्लाइंबिंग पीस' जातीचा. ह्याला गुडघ्याएवढा केलास तर नुसता पाला बघत बसशील. मूळचा पीस झुडूपच गं, त्यातून हा चढणारा निघाला. लहानपणी फार कापला की कधीकधी परत झुडूप होऊन बसतो. कोपऱ्यावरच्या बंगल्यात काय झालं ठाऊक आहे ना?"

"नाही बाई. काय झालं?"

"माळीबुवा आले, सगळ्या बागेवरून एकच हात फिरवला, पैसे घेतले आणि गेले. आता बाई सांगत फिरतात, चाकणच्या धुरानं आमचा वेल फुलत नाही. धूर काय फक्त ह्यांच्याच भिंतीवर येतो? तिथून चार हातांवर माझा वेल बघ की."

"पण काकू, हे बुडातून आलेले लांबच लांब सोट तरी काढू ना? आमच्याकडे काटोलला संत्र्याला असे पाणसोट दिसले की बाबा लगेच उडवतात. झाडाचं खातात म्हणे."

"संत्र्याचं बाबांचं बरोबरच आहे. इथं उलटं. पुढच्या दोन-तीन वर्षांची फुलं ह्यांच्यावरच यायचीत. फक्त सोट निघालाय कुठून ते बघ. वाक जरा. मातीशी गाठ दिसते का, डोळा भरलेली?"

"दिसली. सोट गाठीच्या वरून आलाय."

"मग जप त्याला. खालून आला असता तर ती खुंटाची फूट. ती कापायची नाही, माती उकरून मुळाशी धरून ओरबाडून काढायची. कापलीस तर एकाच्या चार होतात."

"आमचा माळी म्हणतो, सात पानं असली की जंगली."

"तो सगळ्यांनाच ते सांगतो. चांगल्या वेलगुलाबांनाही सात-सात पानं येतात. मोजत बसून उगाच चांगली फांदी मोडशील. गाठ बघायची, संपलं. मागच्या गल्लीतल्या त्या शाळेतल्या बाई, त्यांनी कितीतरी वर्षं खुंटच वाढवला! लाल गुलाब म्हणून आणलेला, तो कधीच मेला. खालून जंगली फूट आली, तिला मांडव केला, शेणखत घातलं, आणि वर्षातून एकदा बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके आले की 'ही दुर्मिळ जात आहे' म्हणून हळदीकुंकवाला सगळ्यांना दाखवायच्या. मी एक अक्षर बोलले नाही. उगाच कशाला?"

"तुम्ही? आणि बोलला नाहीत?"

"बरं, एकदाच बोलले. ते सोड. आता ह्या सोटांचं बघ. उभा सोट फक्त शेंड्याला फुलतो, कारण शेंडा खालच्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही. सासूबाई यात्रेला गेल्या की घरातल्या सुनांना कसा कंठ फुटतो? तसा सोट आडवा केला की पेरापेरातून फूट निघते आणि प्रत्येक फुटीला फूल येतं. म्हणून वेलाला कात्री कमी, वाकवणं जास्त. वाळकं काढ, एखादी अगदी जून फांदी बुडातून काढ, फुलून गेलेल्या बाजूच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आण. बाकी सगळं बांधायचं."

"मोडला तर?"

"घाई केलीस तर मोडणारच. आज पाणी दे, उद्या थोडा वाकव, चार दिवसांनी आणखी थोडा. आणि सुतळी घे, तार नको, तार सालीत रुतते. इंग्रजी आठाचा फास घालायचा, एका कड्यात खिळा, दुसऱ्यात फांदी, बोट जाईल इतका सैल. ह्याला काही काकडीसारखे ताणे नसतात, काटे अडकवत वर जातो बिचारा. बांधणारं कोणीतरी लागतंच."

"आमचे हे सेकंड शिफ्टला. कंपनीची बस चाकणहून रात्री एकला सोडते. बांधणार कोण?"

"मी आहे ना. माझ्या बाजूनं मी धरते, तुझ्या बाजूनं तू बांध. अगं, पॉलिहाऊसवालेसुद्धा वाकवतातच. माझा भाचा तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कात सुपरवायझर आहे. ते बारीक काड्या पानांसकट वाकवून ठेवतात. पानं अन्न करतात आणि बुडातून जाड सोट येतो, लांब दांडीचा, टोकाला एकच फूल. डिसेंबरच्या मध्यावर त्यांची छाटणी आणि बेंडिंग. तिथून ४५-५० दिवस धरायचे, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माल विमानात. मधे थंडी वाढली आणि कळी लांबली की भाच्याला घास गिळवत नाही. फूल व्हॅलेंटाईनच्या दुसऱ्या दिवशी उमललं तर कोण विचारतंय? ४०, ५०, ६० सेंटीमीटर अशी दांडी मोजायची, वीस-वीसची गड्डी बांधायची. जगभरच्या बायकांना फुलं धाडतो मेला, स्वतःच्या बायकोला एक आणत नाही. ती माझ्याकडे येऊन ग्लॅडिएटर तोडते."

"आणि काकू, पानांवर हे काळे डाग? ह्यांनी स्ट्रेप्टोसायक्लीन आणलंय."

"हळू बोल, काका ओट्यावर बसलेत! जन्मभर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरी केलीये त्यांनी. १९५४ सालचा सरकारी कारखाना, पेनिसिलीनचा. स्ट्रेप्टोसायक्लीनही तिथलंच. पण ते जिवाणूंवरचं गं, डाळिंबाच्या तेल्याला मारायचे. काळे डाग म्हणजे बुरशी. बुरशीवरचं ऑरिओफंजिन तिथंच १९६०च्या दशकात तिरुमलाचारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्याची गोष्ट एकदा सुरू झाली की रात्रीच्या जेवणापर्यंत सुटका नाही. तू आपली डागाळलेली पानं वेच, खाली पडलेलीसुद्धा, आणि कचऱ्यात टाक, खतात नको. पाणी बुडाशी घाल. संध्याकाळी पाइपनं पानं धुवायची तुझी हौस आहे ना, ती बंद."

"बरं बाई, बंद. तुमच्या त्या पांढऱ्या वेलाची काडी द्याल?"

"दिल्ली व्हाईट पर्लची? बी. पी. पाल यांनी काढलेला आहे तो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, संशोधन मुख्यतः गव्हावर आणि जीव गुलाबात. देते की. पेन्सिलीएवढी जाड काडी, चार डोळ्यांची, दोन मातीत दोन वर. सावलीत ठेव, ओल मोडू देऊ नको, लागेल. फक्त कोपऱ्यावरच्या बाईंना सांगू नकोस हं."

"का?"

"त्यांना मी सांगितलंय, हा काडीनं लागतच नाही म्हणून."